तुमच्या भावाला माकड चावलं त्याची खरी हकीकत

लिंबायत, सुरत
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप कलाबाई अक्का यांच्या पायांशी सरलाचा वाकून नमस्कार.

आधी हे सांगते की आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. (हल्ली टपालाने पाकीट आलं की ते बँकेचं असतं नाहीतर कोर्टाचं, म्हणून तुमच्या छातीत धस्स झालं असेल.) तुमची तब्येत कशी आहे? पारोळ्यात थंडी पडली असेल, गार पाण्याने आंघोळ करायचा हट्ट यंदा तरी सोडा. इथे थंडी नावालाच आहे. नूतन बरी आहे, जावईबापू बरे आहेत, आणि तुमचे भाऊ गरजेपेक्षा जास्त बरे आहेत. त्यांच्या त्या बरेपणामुळेच हे पत्र लिहावं लागतंय.

फोनवर सांगता आलं असतं. पण मी तुम्हाला फोन लावला की तुमचे भाऊ शेजारी येऊन बसतात आणि माझं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर धरून स्वतःच पुरं करतात. मागच्या रविवारी त्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. त्यात माकड वासराएवढं होतं, ते माझ्या अंगावर झेपावलं होतं आणि तुमचे भाऊ मध्ये पडले होते. तुम्ही तिकडून "माझा भाऊ ग बाई" म्हणालात तेही ऐकू आलं. अक्का, माकड मांजराएवढं होतं. आणि ते आलं तेव्हा मी पार देवळाच्या दुसऱ्या टोकाला सावलीत नारळपाणी पीत होते. माझ्या अंगावर कोणी झेपावलं नाही, माशीसुद्धा नाही. तेव्हा तुमच्या भावाबद्दलचा अभिमान मनात तसाच ठेवा (मी पण ठेवलाय), फक्त त्याला खऱ्या गोष्टीचा टेकू असावा म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, दिवाळीला कापडाचे लूम बंद होतात, कारागीर आपापल्या गावी जातात आणि आमची खानावळ बंद राहते. वर्षातले तेवढेच दिवस मला कोणी "मावशी, आज भाजी कोणती" असं विचारत नाही. त्या दिवसांत मी आजवर काय केलं, तर डबे घासले, डाळी निवडल्या आणि माळा झाडला. यंदा माझी भिशी लागली आणि माझ्या डोक्यात समुद्र शिरला. सुरतेत राहून समुद्राचं काय नवल असं म्हणाल, पण डुमसचा समुद्र तुम्ही पाहिलाय, वाळू काळी आणि पाणी चहासारखं. निळा समुद्र खरंच असतो की फोटोत रंग भरतात, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. नूतन म्हणाली, टूरवाल्यांबरोबर जा, ते सगळं बघतात. शेजारच्या धुरपदाबाई गेल्या होत्या तशा काश्मीरला. काश्मीरचं काय आठवतं विचारलं तर त्यांना बस आठवते, आणि पहाटे दारावर थाप मारून चहाला उठवणारा तो मॅनेजर. जन्मभर मी अंधारात उठून डबे भरले, आता सुट्टीतही मला कोणी दार वाजवून उठवणार असेल तर मग इथलेच कारागीर काय वाईट आहेत? म्हणून ठरवलं, आपलं आपण जायचं. तिकीट आपण काढायचं, खोली आपण ठरवायची, वाटेल तेव्हा उठायचं. खानावळीच्या ऑर्डरी मोबाईलवर घेऊन घेऊन माझी बोटं तरबेज झालीच आहेत.

सुरतेहून बँकॉकला थेट विमान जातं. (गल्लीत हे सांगितल्यावर बायका गप्प झाल्या आणि पुरुष हसले. इथले पुरुष बँकॉकला जातात ते मित्रांबरोबर, आणि परत आल्यावर घरी देवळांचे फोटो दाखवतात. बायकोला घेऊन तिकडे जाणारा माणूस लिंबायतमध्ये पहिलाच, म्हणून तुमच्या भावाकडे लोक दयेने बघायला लागले.) तिथून पुढे आगगाडीने एका जुन्या देवळांच्या गावी, आणि मग दक्षिणेला समुद्र, असा बेत मी ठरवला. इथपर्यंत तुमचे भाऊ नुसते "हं" म्हणत होते. भांडण झालं ते विम्यावरून.

झालं असं की मोबाईलवर वाचता वाचता मला कळलं, टूरवाल्यांबरोबर गेलं की पाय मोडला तरी ओरडायला एक माणूस असतो. आपलं आपण गेलं की पाय आपला, गाव परकं, भाषा परकी आणि दवाखाना महाग. म्हणून अशा लोकांसाठी प्रवासाचा वेगळा विमा असतो. मी तो मोठ्याने वाचायला घेतला तिथे चूक झाली. घातक खेळ खेळणार का, असं विचारलं होतं, तिथवर त्यांना मजा वाटली. डोंगरावरून उडी मारणार का, तर ते म्हणाले, "लिहून टाक, विचार करू." पण पुढचं कलम आलं, मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च कंपनी करेल. ते ऐकून ते पाटावरून उठलेच. म्हणाले, "अवं, फिरायला चाललोय की मसणात? निघायच्या आधीच मढं बांधून ठेवायचं? तुला हवा तर तुझा उतरव, माझा नको." दोन दिवस माझ्याशी बोलले ते फक्त भाजीच्या पिशवीबद्दल.

मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगते. तुमच्या आईंची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव चिंधा ठेवलं, की यमाला वाटावं हा फाटका कपडा आहे, याला कशाला न्यायचं. तुम्हीच मला ती हकीकत सांगितली होती, माझं लग्न नवं असताना. अक्का, आईंनी तेव्हा जे केलं ते याहून वेगळं काय होतं? एका शब्दात उतरवलेला विमा, कलमं नाहीत, सही नाही. पण हे त्यांना सांगितलं असतं तर आणखी दोन दिवस गेले असते. मी "बरं" म्हटलं, गच्चीवर गेले आणि गुपचूप त्यांचं नाव, जन्मतारीख, शुगरची गोळी, सगळं भरून टाकलं.

विमानात त्यांनी खिडकी घेतली. (घेतली म्हणजे, मला "तुला वारा लागेल" असं सांगून घेतली.) बँकॉकचं काही लिहीत नाही, तिथे आम्ही फक्त रस्ता ओलांडायचा प्रयत्न केला. आगगाडीत मात्र जिवात जीव आला. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, डोक्यावर टोपल्या घेऊन खायचं विकणाऱ्या बाया, भुसावळकडे चाललोय असंच वाटावं. त्या गावात मी एका बाईच्या घरातली खोली घेतली होती, नदीच्या काठी. बाई तुमच्याच वयाच्या, तशाच करड्या आवाजाच्या. त्यांना आपलं काही कळत नव्हतं, आम्हाला त्यांचं काही कळत नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी त्यांनी मला भाजी चिरायला बसवलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी देवळं बघायला गेलो. तिथे माकडं फार. दारातच पाटी होती, वर त्यांच्या भाषेत, खाली इंग्रजीत, आणि मध्ये चित्र, खाऊच्या पिशवीवर लाल काट. लिपी कळली नाही तरी चित्र कळतं. पण तुमचे भाऊ सदऱ्याच्या खिशात घरचे भाजलेले शेंगदाणे घेऊनच आत गेले, कारण शेंगदाणे म्हणजे खाऊ नव्हे असं त्यांचं मत. मी म्हटलं बाहेर ठेवा. तर म्हणाले, "हे मारुतीचे वंशज. आपला शनिवार पाळणारा माणूस ते ओळखतात." मग मी नारळपाण्याकडे गेले आणि ते वंशजांकडे. पुढचं मी लांबून पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, एका माकडासमोर हात जोडले आणि डोळे मिटले. माकडाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग खांद्यावर चढून खिशात हात घातला. आता दुसरा कोणी असता तर खिसा सोडून मोकळा झाला असता. पण आयुष्य लूमवर मास्तर म्हणून गेलं, धाग्याचं टोक हातातून सुटू द्यायचं नाही ही सवय. त्यांनी खिसा गच्च धरला. माकडाने शेंगदाणेही नेले आणि खिसाही.

मी धावत गेले तर ते शांतपणे चपला घालत होते, उजवा हात पँटच्या खिशात. "काही नही व्हयनं," म्हणाले. ओरखडा आहे, खिसा गेला. मला हसू आवरेना. मी खूप हसले, अक्का, आणि ते माझ्याबरोबर हसले, हे मला नंतर फार लागलं.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी भात वाढला. तुमचे भाऊ डाव्या हाताने चमच्याने खायला लागले. चमचा त्यांना कधी आवडत नाही, हे मला माहीत. मी म्हटलं, हात दाखवा. नको म्हणाले. मी टेबलाखालून हात ओढून काढला तर रुमाल गुंडाळलेला, आणि रुमालाला रक्त. अंगठ्याजवळ दात चांगले आत गेले होते, हात सुजला होता. माझं हसू तिथेच मेलं.

मी म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणाले, "हायद लाव, घर जाईसन देखू." म्हणजे हळद लावून घरी पोचेपर्यंत भागवायचं. मी म्हटलं, माकड चावल्यावर कुत्रं चावल्यासारखीच इंजेक्शनं घ्यावी लागतात, तो रोग एकदा लागला की माणूस वाचत नाही. ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या खानावळीत जेवायला येणारा एक कारागीर कुत्रं चावून गेला होता, ते विसरलेले नव्हते. मान खाली घालून हळूच म्हणाले, "इथला दवाखाना तुझी सगळी भिशी खाईल. मग तुझा समुद्र गेला."

अक्का, रक्ताळलेला हात खिशात घालून हा माणूस दिवसभर माझ्याबरोबर देवळं बघत फिरला, माझा समुद्र जाऊ नये म्हणून. मी त्यांच्यावर ओरडले. मला दुसरं काही सुचलं नाही. आणि ओरडता ओरडताच सांगितलं, की विमा उतरवलाय, तुमचा, तुम्ही नको म्हणत असताना.

मला वाटलं आता वचन मोडल्याबद्दल बोलणार. तर विचारलं, "मढं आणायचा पण?"

मी म्हटलं, तो पण. म्हणाले, "बरं झालं," आणि उठून चपला घालायला लागले.

विमा कंपनीला आधी फोन करा असं लिहिलं होतं. फोनवर एक मुलगी आली, सुषमा नावाची. आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. मी हिंदीत सांगत होते आणि मागे तुमचे भाऊ आपल्या बोलीत कण्हत होते. ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही कोठला शेतस?" शिरपूरची निघाली. झालं. परदेशात, सुजलेला हात घेऊन, तुमचे भाऊ फोन माझ्या हातातून ओढून तिला विचारायला लागले, शिरपुरात कुठे, कोणाची, मामाचं गाव कोणतं, लग्न झालं का. (झालंय. जुळी मुलं आहेत.) ती बिचारी सगळ्याची उत्तरं देत देत मधूनमधून आपले प्रश्न विचारत होती. एक प्रश्न असा, की तुम्ही प्राण्याला डिवचलं होतं का? तुमचे भाऊ दुखावलेच. म्हणाले, "पोरी, मी त्याला नमस्कार केला." ती म्हणाली, असं लिहिण्याची सोय नाही, मी 'नाही' लिहिते.

घरमालकीणबाईंनी तोवर त्यांचा हात नळाखाली धरून साबणाने इतका धुतला, की मला वाटलं कातडी जाईल. (नंतर डॉक्टरांनी त्याचंच कौतुक केलं.) मग त्यांच्या बाजूगाडीच्या स्कूटरवर बसून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. सुषमाचा निरोप आमच्या आधी पोचला होता. एक इंजेक्शन दंडात दिलं आणि दुसरं औषध सुईने जखमेतच भरलं. ते बघवण्यासारखं नव्हतं. पण मी त्यांच्या उशाशी खंबीर उभी होते, एवढंच लिहिते. आपली बढाई आपण करू नये.

यानंतर तुमच्या भावाच्या मनात एक वेगळीच आशा उत्पन्न झाली. आता कंपनी आपल्याला खास विमानाने घरी नेणार, सुरतेच्या विमानतळावर गल्लीतली माणसं हार घेऊन येणार. पण डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, हसले, आणि लिहून दिलं की पेशंट ठणठणीत आहे, खुशाल समुद्रावर जावं, पुढची इंजेक्शनं वेळेवर घ्यावीत. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा जावईबापूंच्या मानपानातही पाहिला नव्हता.

तर आम्ही समुद्रावर गेलो. अक्का, तो खरंच निळा असतो. फोटोत उलट कमीच दिसतो. पण मला तो नीट भोगू कोण देतंय? दवाखान्यातून निघाल्यापासून तुमच्या भावाने माझा दंड धरला तो सोडलाच नाही. पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. होडीत बसायचं नाही. रस्ता ओलांडताना आधी ते पुढे जाणार, दोन्हीकडे बघणार, मग मला हाक मारणार. एकदा मी ओल्या खडकावर पाय ठेवला तर जिवाच्या आकांताने ओरडले. चावलं त्यांना आणि जपायचं मला, हा कुठला न्याय? मला वाटलं औषध डोक्यात गेलं.

इथे आल्यावर तर विचारू नका. ज्या माणसाने विम्याचं नाव काढल्यावर दोन दिवस अबोला धरला, तो आता भाजीवाल्याला विचारतो, विमा आहे का? धुरपदाबाई लग्नाला नंदुरबारला निघाल्या तर त्यांना फाटकात अडवून वीस मिनिटं समजावलं. त्या बाई म्हणाल्या, मी एसटीने चालले, तरी सोडेनात. शेवटचं इंजेक्शन परवा झालं. कंपनीने दवाखान्याचं परस्पर भागवलं. खिसा मात्र विम्यात बसत नाही म्हणे, त्याबद्दल त्यांनी सुषमाकडे तक्रार केली आहे.

एकूण प्रवास हा असा. माणूस दमतो, घाबरतो, परक्या गावात रडकुंडीला येतो. आपलं घर ते आपलं घर. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लिहिण्यात जास्त-उणं झालं असेल तर धाकटी समजून पोटात घाला.

तुमची,
सरला

ता. क. — तुमच्या शुभमबरोबर तीळ आणि नागलीचे पापड पाठवा. तो आला की त्याच्या हाती इकडून दोन साड्या पाठवते, मार्केटमधल्या आहेत, रंग तुम्हाला चालेल.

ता. क. २ — अक्का, ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. पासपोर्ट काढून घ्या. शुभमला सांगा, तो जळगावला नेईल. मला पुढच्या दिवाळीत पुन्हा जायचंय आणि तुम्हाला घेऊन जायचंय, आपण दोघीच. तुम्ही म्हणाल, विधवा बाई, या वयात, लोक काय म्हणतील. लोक एकदा बोलतील, मग आपले फोटो मागतील. भाऊजी गेल्यापासून तुम्ही पारोळा सोडून फक्त आमच्या घरी येता आणि आलात की माझे डबे घासता. मला तुम्हाला निळं पाणी दाखवायचंय आणि त्यात गुडघाभर शिरायचंय, कोणी दंड न धरता. तुमच्या भावाला इतक्यात कळू देऊ नका, त्यांना मी सवडीने सांगेन.

ता. क. ३ (हे माझं, चिंधाचं) — अक्का, तिने पाकीट चिकटवून टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. चिकटलं नव्हतं नीट. वाचलं सगळं. माकड मांजरापेक्षा मोठं होतं, ते जाऊ दे.

पण ती उशाशी खंबीर उभी होती म्हणते, ते खोटं. सुई जखमेत घातली तशी ती पोत्यासारखी खाली आली. नर्सबाईंनी उचलून पलीकडच्या खाटेवर घातली, साखरपाणी पाजलं. मी घाबरलो. डाव्या हाताने सुषमाला फोन लावला, म्हटलं पोरी, आता बायको पडली, तिच्या विम्याचंही बघ. ती म्हणाली, बाबा, विमा तुमच्या एकट्याचा आहे, मावशींचं नाव कुठेच नाही.

माझा उतरवला आणि स्वतःचा उतरवलाच नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, मला काय धाड भरलीय. म्हणून विचारलं नाही. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही, तूही सांगू नको. आता तूच सांग, तिला त्या पाण्यात मी कशी जाऊ देणार होतो?

तू जाय माय, पासपोर्ट काढ. लोकांचं मी बघतो. या खेपेला तुम्हा दोघींचा विमा मीच उतरवतोय, सुषमाशी बोलणं झालंय. तिचं सगळं भरलं. तुझी जन्मतारीख तेवढी कळव. माहीत नसली तर आधारवर जी असेल ती चालेल म्हणाली.